नाकातली नळी आणि फेनिटॉइनच्या वेळा

पक्षाघातानंतर बाबांना गिळता येईना. गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून) घरी सोडलं तेव्हा नाकात नळी होती आणि फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइनचं सिरप. साखळी गावातल्या घरी आई थोड्याथोड्या वेळाने नळीतून काही ना काही सोडत राहायची: गाळलेली पेज, दूध, डाळीचं पाणी, डब्यातली प्रोटीन पावडर. सिरपही त्यातच मागेपुढे जायचं. औषध एकदाही चुकलं नव्हतं, तरी फिट आली.

रक्तातली फेनिटॉइनची पातळी तपासली. ती साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हवी. बाबांची बरीच खाली होती. आता डोस वाढवणार असं मी धरून चाललो होतो, पण न्यूरॉलॉजिस्टनी आधी विचारलं, नळीतून काय आणि किती वाजता जातं? नळीतल्या आहाराबरोबर हे औषध नीट शोषलं जात नाही. शिवाय याचा डोस वाढवणं जपून करावं लागतं. यकृत ते ठराविक वेगानेच निकामी करू शकतं. ती मर्यादा आली की जरा वाढवलेल्या डोसानेही पातळी भसकन चढते, मग गुंगी, तोल जाणं.

म्हणून डोस सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा असे दोन ठरले. प्रत्येकाच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर आहार बंद.

"आजारी माणसाला उपाशी ठेवायचं?" आई अडून बसली. मग आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसभराचा तोच आहार उरलेल्या वेळात बसवून दिला, तेव्हा कुठे ती तयार झाली. सिरपची बाटली दरवेळी नीट हलवायची, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि वरचे डोस पातळ, शेवटचे कडक होतात. आधी आणि नंतर नळी पाण्याने धुवायची. अँटासिडही औषधाच्या वेळेपासून लांब. हे सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं, कारण रात्री भाऊ असायचा आणि त्याला तोंडी सांगितलेलं राहत नाही.

पुढच्या तपासणीत पातळी वर आलेली दिसली, डोस न वाढवता.

नळी काढल्यावर पुन्हा रक्त तपासायला लावलं, कारण नळीतला आहार थांबला की शोषण सुधारतं आणि पातळी चढू शकते. आता बाबा गोळी घेतात, तीही जेवणानंतर, पोटात जळजळू नये म्हणून. साध्या जेवणाचा तसा अडथळा होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईला हे वेळापत्रक एकदम पटलं.