'एक्सपोजर' या युद्धकवितेचे यमक तपासताना

पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याच्या 'एक्सपोजर' या कवितेचे रसग्रहण लिहायला घेतले तेव्हा यमक, वृत्त आणि पुनरावृत्ती यांची वेगवेगळी टिपणे न काढता, ही तिन्ही अंगे कुठे एकत्र येतात हे आधी शोधायचे मी ठरवले. १९१७ च्या हिवाळ्यात फ्रान्समधील आघाडीवर ओवेनने सोसलेली जीवघेणी थंडी हा या कवितेचा विषय आहे आणि तिच्यात गोळीपेक्षा हवाच अधिक घातक ठरते.

कविता मोठ्याने वाचत मी आघातयुक्त, म्हणजे जोर देऊन उच्चारल्या जाणाऱ्या, अक्षरांवर पेन्सिलीने खुणा केल्या. लघु-गुरू मोजण्याची सवय असलेल्या वाचकाला हे सुरुवातीला अवघड जाते, कारण इंग्रजी वृत्त आघातांवर चालते. प्रत्येक कडव्यातील पहिल्या चार ओळी लांब आणि रेंगाळणाऱ्या आहेत. पाचवी मात्र एकदम तुटते. 'बट नथिंग हॅपन्स' (पण काहीच घडत नाही) या ओळीत अवघे दोन आघात आहेत आणि शेवटचे अक्षर आघाताविना गळून पडते.

यमकांनी मला सर्वाधिक काळ गुंतवून ठेवले. पहिली ओळ चौथीशी आणि दुसरी तिसरीशी जुळते, पण अर्धवटच: 'सायलेंट'-'सेलियंट', 'वायर'-'वॉर'. बाराखडीत व्यंजन कायम राहून स्वर बदलावा तशी ही रचना आहे. कानाला जुळणीची चाहूल लागते, पण ती पुरी होत नाही. हल्ल्याची वाट पाहणाऱ्या सैनिकांची अवस्था नेमकी हीच आहे.

पाचव्या ओळीला तर कडव्यात जोडीदारच नाही. तिचा प्रतिसाद पुढच्या कडव्यांत, पुनरावृत्तीतून मिळतो. आठपैकी चार कडवी 'बट नथिंग हॅपन्स'वर संपतात, तर पाचवे, सहावे आणि सातवे 'डाइंग' (मरणे) या शब्दावर. म्हणजे यमकाचे काम इथे ध्रुवपदाने उचलले आहे, आणि मी शोधत होतो ती जागा हीच.

शेवटच्या कडव्यात 'अस' (आपण) आणि 'आइस' (बर्फ) यांची जोडी आहे: एका टोकाला जिवंत सैनिक, दुसऱ्या टोकाला मृतांचे गोठलेले डोळे. मृतांना पुरणारी तुकडी ओळखीच्या वाटणाऱ्या चेहऱ्यांपाशी थबकते आणि त्यानंतरही ओवेन 'काहीच घडत नाही' असेच म्हणतो. पहिल्या कडव्यात ही ओळ कंटाळ्याची वाटली होती. इथे ती सरळ आरोप ठरते. माझ्या रसग्रहणाची मांडणी मी याच कडव्यापासून सुरू केली आणि तिथून मागे जात आधीची सात कडवी तपासली.