आमची वाटचाल: पहिल्या सव्वीस बाटल्या

आम्ही बिअर बनवतो. आमच्याकडे कोणी नवीन कामाला आलं की पहिल्या दिवशी आम्ही त्याला मोठ्या टाक्या दाखवत नाही, आधी हातात हायड्रोमीटर (द्रवात किती साखर उरलीये ते घनतेवरून दाखवणारी तरंगती काचेची नळी) देतो आणि तो नीट वाचायला शिकवतो. असं का, ते सांगायचं तर पार पहिल्या बॅचपर्यंत मागे जावं लागेल, कारण आज आमची काम करायची जी काही पद्धत आहे ती तिथूनच आलीये.

सुरुवात मी आणि बायको, दोघांनीच केली, घरच्या स्वयंपाकघरात, वीस लिटरचं एक पातेलं घेऊन. बॅच ठरवली दहा लिटरची. अडीच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) भरडून आणला, कापडी पिशवीत घातला आणि गरम पाण्यात तासभर ठेवला, पाणी ६६-६७ डिग्रीला धरायचं होतं. हे तापमान उगाच नसतं, माल्टमधली एन्झाइम्स याच गरमीत स्टार्च फोडून साखर करतात, पाणी जरा कमी गरम असेल तर यीस्टला (साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस करणारे सूक्ष्म जीव) खाता येईल अशी साखर जास्त निघते आणि बिअर हलकी, कोरडी होते, वर गेलं तर अंगाने भरीव आणि गोडसर. बायको थर्मामीटर धरून उभी आणि मी गॅस कमीजास्त करतोय, असा तो तास गेला. मग पिशवी काढून निथळत ठेवली, एक तासभर उकळलं, सुरुवातीलाच कडवटपणासाठी वीस ग्रॅम हॉप्स (एका वेलीची कडवट फुलं) आणि शेवटच्या पाच मिनिटांत वासासाठी थोडे. उकळी फुटताना फेस एकदम वर चढतो, तेव्हा पातेल्यापासून हलायचं नाही, नाहीतर सगळं उतू जातं.

नंतर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून २० डिग्रीपर्यंत निववलं, फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) ओतलं, हायड्रोमीटरचं रीडिंग आलं १.०५० (साध्या पाण्याचं १.००० असतं, साखर संपते तसा आकडा उतरतो). यीस्ट घातलं, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न येऊ देणारं झाकण) लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी एअरलॉकमधून बुडबुडे यायला लागले होते आणि तो आवाज ऐकायला आम्ही दोघं चहा घेऊन तिथेच जमिनीवर बसलो, खरंच सांगतो, इतका आनंद नंतर पहिल्या मोठ्या ऑर्डरलाही झाला नाही.

आता चूक कुठे झाली. सातव्या दिवशी बुडबुडे थांबले आणि आम्ही धरून चाललो की झालं काम. मधले दोन-तीन दिवस रात्री गारठा होता, यीस्ट अर्ध्यावरच थंडावून खाली बसलं होतं, पण वरून बघून ते कळत नाही. हायड्रोमीटर घरात होता तरी रीडिंग घेतलं नाही कारण दरवेळी नमुन्याला शंभर-सव्वाशे मिली काढावी लागते आणि मुळात बॅच एवढीशी, जीव होत नव्हता. स्वच्छता मात्र अगदी मन लावून केली, बाटल्या आतून ब्रशने घासल्या, सॅनिटायझरमध्ये बुडवून निथळवल्या, नळी, झाकणं, कॅपर सगळं. बाटल्या तपकिरी घेतल्या होत्या कारण पांढऱ्या किंवा हिरव्या काचेतून उजेड आत गेला की हॉप्समुळे बिअरला घाण वास धरतो. बाटलीत गॅस धरावा म्हणून लिटरला सहा ग्रॅम साखर पाण्यात उकळून घातली, गाळ न हलवता नळीने भरलं, वर दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडली आणि २६ बाटल्या कपाटात ओळीने उभ्या केल्या.

नवव्या रात्री कपाटातून आवाज आला. मग दुसरा. दार उघडलं तर काचा, फेस, आणि बाकीच्या २४ बाटल्या तशाच उभ्या. जाड हातमोजे घातले, डोळ्याला चष्मा लावला, बाटल्यांवर घोंगडी टाकली आणि एकेक करून फ्रिजमध्ये नेल्या, थंडीत गॅस द्रवात विरघळून राहतो आणि दाब कमी होतो म्हणून. दोन दिवसांनी झाकणं हळूहळू उचकटून गॅस सोडला. कुणाला लागलं नाही, हे आमचं नशीब.

नंतर हिशेब मांडला तेव्हा अंगावर काटा आला. ग्रॅव्हिटीचे, म्हणजे रीडिंगच्या शेवटच्या आकड्यातले, फक्त तीन पॉइंट उरलेले असतील तरी त्यातून जवळपास तेवढाच गॅस तयार होतो जेवढा आपण घातलेल्या साखरेतून होतो. म्हणजे १.०१२ ला थांबायची बिअर १.०१५ ला भरली की बाटलीत साखर दुप्पट घातल्यासारखंच. आमची तर त्याहून बरीच वर होती.

पण त्याच २४ मधली एक आम्ही ग्लासात ओतली. अर्धी फेसातच गेली, उरली ती चांगली होती, हॉप्सचा वास स्वच्छ, कुठे आंबटपणा नाही. बायको म्हणाली, स्वच्छता जमलीय, आता थांबायला शिकूया. दुसरी बॅच त्याच आठवड्यात लावली आणि तेव्हापासून नियम एकच, दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन रीडिंग घ्यायची आणि ती सारखी आल्याशिवाय आणि अपेक्षेच्या आसपास असल्याशिवाय भरायचं नाही. त्या बॅचला १.०१२ आलं, म्हणजे साधारण ५ टक्के अल्कोहोल, आणि बाटल्या दोन आठवड्यांनी उघडल्या तेव्हा नुसता फुस्स आवाज आणि दोन बोटं फेस.

पुढे घरातच बऱ्याच बॅच झाल्या. लायसन्स हातात येईपर्यंत एक बाटली विकली नाही, ते बरंच केलं. मग भाड्याची जागा, २०० लिटरची टाकी, आणि मोठ्या टाकीचे वेगळे प्रश्न, कारण एवढं वॉर्ट (माल्टचं गोड पाणी) आंबताना स्वतःच तापतं आणि त्याला थंड ठेवावं लागतं. जुनं यीस्ट पुन्हापुन्हा वापरून एकदा चव बिघडली, तेव्हापासून काही पिढ्यांनंतर ताजं यीस्ट आणतो. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये एमिल हान्सेनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं म्हणून आज हे पाकीट आपल्याला मिळतं, मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

गेल्या महिन्यात एक मोठी ऑर्डर होती, गाडी दुपारी येणार, बाटल्या धुऊन तयार. सकाळी आमच्याकडच्या मुलाने रीडिंग घेतलं, १.०१३, तीन दिवसांपूर्वीचं १.०१५. त्याने मला विचारलंही नाही, ग्राहकाला फोन करून सांगितलं की अजून चार-पाच दिवस लागतील, आणि मग मला येऊन वही दाखवली.