उजव्या हाताची सुरी

"ही डाव्या हाताची करून मिळेल का?" या प्रश्नाला आमच्या दुकानात ठरलेलं उत्तर आहे. नाही. नवी घ्या, काही महिने थांबावं लागेल, आणि उजव्या हाताच्या सुरीपेक्षा तीस ते पन्नास टक्के जास्त पडतील. मी स्वतः डावखुरा असल्यामुळे हे सांगताना माझा आवाज जरा पडतो. पण सांगतो.

दुकान साकाईत आहे. ओसाकाच्या दक्षिणेला, जिथून हानकाई लाइनची एका डब्याची ट्राम जाते. जपानच्या एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) तंबाखू चिरायच्या सुऱ्यांनी या गावाचं नाव झालं, नंतर स्वयंपाकाच्या सुऱ्या आल्या. इथे एकच माणूस अख्खी सुरी बनवत नाही. लोहार घडवतो, धारवाला घासून आकार आणि धार देतो, आणि मूठ बसवून नाव कोरून विकतो तो घाऊक व्यापारी. 1982 साली सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला, तो अजून आहे. लोहारांची मुलं मात्र बरीचशी ऑफिसात गेली. अशाच एका व्यापाऱ्याकडे मी काउंटरवर असतो. पर्यटक फार येतात म्हणून त्यांना इंग्रजी बोलणारा हवा होता. मागच्या शेडमध्ये धार लावायला शिकणं मी नंतर हट्टाने पदरात पाडून घेतलं.

पर्यटकांना यानागिबा हवी असते. साशिमीची, म्हणजे कच्च्या माशाचे काप काढायची ही सुरी लांब, अरुंद आणि टोकाला निमुळती असते. लांबी बहुधा 24 ते 33 सेंटीमीटर. एवढी लांब अशासाठी की काप एकाच ओढीत निघावा. मुठीकडून सुरुवात करून टोकापर्यंत आपल्याकडे ओढायची, बस. पुढेमागे केलं तर कापाच्या अंगावर पायऱ्या उठतात आणि त्याची चकाकी जाते. लोकांना मात्र तिच्यात तलवार दिसते. घरी नेऊन तिने भोपळा फोडतात, कोंबडीचं हाड तोडतात, मग धारेला पडलेल्या खांडांचे फोटो मेलवर पाठवून विचारतात की गॅरंटी आहे का. मी फार नम्र उत्तर लिहितो. मनातलं इथे लिहीत नाही.

तर जूनमधली गोष्ट. इकडचा पावसाळा, दमट हवा, दुकानात गंजलेल्या सुऱ्यांचा हंगाम. पन्नाशीच्या एक बाई वर्तमानपत्रात गुंडाळलेली यानागिबा घेऊन आल्या. वाकायामाच्या किनाऱ्यावर त्यांचं छोटं सुशीचं दुकान, आधी वडील चालवायचे. सुरी वडिलांची. घासून घासून तिसाची चोविसावर आलेली, अंगभर तपकिरी डाग.

त्या काही बोलायच्या आधीच मला कळलं होतं. या सुऱ्यांची मूठ 'हो' नावाच्या झाडाच्या पांढऱ्या, हलक्या लाकडाची असते, तोंडाशी म्हशीच्या शिंगाचं कडं. साध्या मुठीच्या उजव्या अंगाला एक उभा कंगोरा असतो, तो उजव्या हाताच्या बोटांत बसतो आणि डाव्या हाताला टोचतो. या मुठीचा कंगोरा कुणीतरी तासून काढला होता, आणि लाकूड काळवंडलं होतं ते भलत्याच बाजूने. मी सवयीने ती डाव्या हातात घेतली आणि ती बरोब्बर बसली.

मग तो प्रश्न आलाच. मीही ठरलेलं उत्तर सुरू केलं, कागदावर चित्र काढून. यानागिबाला उतार एकाच अंगाला असतो. उजव्या हातात धरली की उतार उजवीकडे, आणि डावी बाजू सपाट. तीही पूर्ण सपाट नाही, मध्ये किंचित खोलगट आणि भोवती सपाट कड. या बाजूला इथे उरा म्हणतात. बहुतेक सुऱ्या दोन थरांच्या असतात. मऊ लोखंडाला कडक पोलादाचा पातळ थर तापवून जोडलेला, आणि तो थर उराच्या बाजूला. अशी सुरी उलटी घासायला गेलं तर पोलाद घासून जाईल आणि धार मऊ लोखंडावर येईल. तिने टोफूसुद्धा नीट कापला जाणार नाही.

बोलता बोलता एका कोपऱ्यावरचा गंज मी पावडरने घासत होतो. दोन थरांच्या सुरीच्या उतारावर एक सीमारेषा दिसते, वर धुरकट लोखंड, खाली चमकदार पोलाद. ती रेषा दिसेना. आणखी घासलं. मग 1000 नंबरच्या दगडावर चार हात मारून पाहिले. रेषा नव्हतीच. हळूहळू उमटली ती एक लाटेसारखी वाहणारी फिकट कड. मी सुरी खाली ठेवली आणि मागे जाऊन ओयाकातांना बोलावून आणलं.

ओयाकाता म्हणजे आमचे धारेचे वस्ताद. जपानी कारागीर म्हटला की अबोल, गंभीर म्हातारा डोळ्यांसमोर येतो. आमचे सत्तरीचे आहेत आणि अखंड बोलतात, त्यातलं निम्मं हानशिन टायगर्स हे बेसबॉलवाले काल का हरले यावर. सुरी पाहून मात्र गप्प झाले. ती होनयाकी होती. अख्खी एकाच पोलादाची, लोखंडाचा आधार नाही. पाठीकडे मातीचा जाड लेप आणि धारेकडे पातळ लेप देऊन तिला तापवतात, मग पाण्यात बुडवतात. पातळ लेपाखालचं पोलाद झटक्यात थंड होऊन कडक होतं, पाठ मऊ राहते, आणि दोन्हींच्या हद्दीवर ती लाट उमटते. पाणी देताना तडकतात त्या वेगळ्याच, म्हणून किमती भयंकर. बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वडील एवढंच सांगायचे की पाडू नकोस, तुटेल.

माझ्या डोक्यात लगेच आलं, थरच नाही तर अडचण कुठे उरली? सगळं पोलादच. बाईंच्याही ते लक्षात आलं, त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

ओयाकातांनी माझ्याच कागदावर दोन रेघा मारल्या. धार डाव्या पृष्ठावर आहे. ती उजव्या पृष्ठावर न्यायची तर पात्याची पूर्ण जाडी जिथे सुरू होते तिथपर्यंत, म्हणजे सगळा उतारच, कापून टाकावा लागेल. या सुरीचं पातं मुठीपाशी सव्वीस मिलिमीटर रुंद उरलेलं, त्यातला उतार तेरा. अर्धी सुरी गेली. उरलेल्या तेरात नवा उतार काढायचा, आणि दुसऱ्या बाजूला नवी खोलगट उरा कोरायची. समजा तेही केलं. पण कडक पोलाद फक्त त्या लाटेच्या खाली आहे, आणि इतकी वर्षं घासल्यावर लाट धारेपासून सात-आठ मिलिमीटरवर आली आहे. नवी धार तिच्या कितीतरी वर, मऊ भागात येईल. थोडक्यात, दोन थरांची असती तर जमलं नसतं, आणि एका पोलादाची आहे तरीही जमत नाही. हे इतकं नेटकं गणित मी आजवर कुठल्या कॅटलॉगात वाचलेलं नाही.

बाई हसल्या. म्हणाल्या, मग धार तरी लावून द्या, खांडं काढा.

आमच्या सहकाऱ्याने फॉर्म भरला. त्याला गिऱ्हाइकाशी बोलण्यापेक्षा चौकोनात खुणा करायला आवडतं, आणि त्याने 'उरा दुरुस्ती' या चौकोनात खूण केली, कारण ओयाकातांनी सुरी उलटी करून "उरा मेली" असं म्हटलेलं त्याने ऐकलं होतं. खरंच मेली होती. खोलगटपणा जवळजवळ गेलेला. शिवाय धारेलगत, जिथे उराच्या बाजूने कधीच उतार द्यायचा नसतो, तिथे मिलिमीटरभर रुंदीचा चकचकीत उतार. आमच्याकडे नवशिक्याने असं केलं तर दिवसभर बोलणी खातो.

बाईंनी खूण पाहिली आणि म्हणाल्या, तो उतार काढू नका, तो मी घातलाय.

का, ते त्यांनी करून दाखवलं. पर्यटकांना दाखवायला आमच्या फ्रिजमध्ये दुपारसाठी ट्यूनाचा तुकडा आणलेला असतो. उजवा माणूस तुकड्याच्या उजव्या टोकापासून काप काढतो. उतारामुळे पातं डावीकडे, तुकड्याकडे दाबलं जातं आणि काप उजवीकडे मोकळा पडतो. बाई डाव्या टोकापासून सुरू करत होत्या, म्हणजे उतार तुकड्याच्या बाजूला आणि सपाट अंग कापाच्या बाजूला. अशा वेळी पातं बाहेर सरकतं आणि काप खाली जाता जाता पातळ होतो. मी स्वतः करून पाहिलंय, माझे काप पाचरीसारखे निघतात. बाईंनी मनगट जरासं कलतं धरलं होतं, आणि उराकडचा तो छोटा उतार पात्याला सावरत होता. काप वरपासून खालपर्यंत एकसारखे, अंगावर एक पायरी नाही. आमच्या मालवणात मासे विळीवर कापतात. पातं जागेवर असतं आणि मासा फिरतो, त्यामुळे आईला माझ्या डाव्या हाताची तक्रार फक्त प्रसादाच्या वेळी असायची. इथे तर सुरीनेच बाजू घेतलेली, आणि या बाईंनी ती थोडीथोडी आपल्याकडे वळवून घेतली होती.

ओयाकातांना ते पटलं नाही. काप छान आहेत असं दोनदा म्हणाले, आणि तरी म्हणाले की असली उरा ठेवून सुरी माझ्या हातून बाहेर जाणार नाही. होनयाकी आहे, कुणी जाणकाराने पाहिली तर म्हणेल साकाईत हे कुणी केलं. बाईंनी वाद घातला नाही, नुसत्या थांबून राहिल्या. मला दोघांचंही बरोबर वाटत होतं, आणि दुकानदाराची नजर घड्याळाकडे होती, कारण बाहेर ऑस्ट्रेलियन पर्यटकांचा घोळका उभा होता.

मग ओयाकाता माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बस."

होनयाकीला मी तोवर हात लावलेला नव्हता. दगड सपाट करून घेतला. बाईंना विचारलं, तुम्ही कशा घासता? म्हणाल्या, डाव्या हातात मूठ, धार माझ्यापासून लांब. मला शिकवलंय नेमकं उलटं, उजव्या हातात मूठ आणि धार स्वतःकडे. या शेडमध्ये मी डावा हात कधी वापरलाच नव्हता. त्या दिवशी वापरला. उतार पूर्ण टेकवून आधी 1000 वर, खांडं जाईपर्यंत. होनयाकी कडक, दगड कुरकुरतो आणि पोलाद लवकर सुटत नाही. दोन थरांच्या सुरीत लोखंड भराभर काळं पाणी सोडतं आणि काम चालल्यासारखं वाटतं, इथे कितीतरी वेळ काहीच होत नाही. मग 3000, मग शेवटचा बारीक दगड. उराला त्याच दगडावर केसभर उचलून, त्यांनी घातलेल्याच कोनात, अगदी हलक्या हाताने. बाई शेजारी उभ्या राहून "जरा आणखी खाली" एवढंच सांगत होत्या.

ओयाकाता पूर्ण वेळ पाठमोरे बसून दुसरी सुरी घासत होते. टायगर्सबद्दल अक्षर नाही.

तेव्हापासून मी हेच घोळवतोय. "तू बस" म्हणजे काय? हे काम त्यांच्या लायकीचं नाही, शिकाऊ पोराने करावं? की हे काम करायला डावखुराच हवा? मी विचारलेलं नाही. विचारलं तर ते तासभर बोलतील आणि उत्तर देणार नाहीत, एवढं त्यांना ओळखतो.

बिलावरून मात्र दुकानदाराशी माझी जुंपली. 'उरा दुरुस्ती' खोडली म्हणून त्याने पैसे कमी लावले, उलट उरा आहे तशी राखून घासायला दुप्पट वेळ गेला होता. तो म्हणाला, उरा राखण्याचा चौकोन फॉर्मवर नाही. मी म्हटलं, छापा. तो म्हणाला, असं गिऱ्हाईक परत कधी येणार आहे?

दोन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. धार चांगली आहे, टोकाकडचा भाग अजून थोडा जाड लागतोय, शरद ऋतूत पुन्हा पाठवते. मी ओयाकातांना सांगितलं. ते म्हणाले, टोक मी बघीन, तिथे तुझा हात अजून कच्चा आहे. मी विचारलं, आणि उरा? त्यांनी रेडिओ लावला. सुरी आली की दगडावर कोण बसणार, हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.