तुम्ही विचारलंत म्हणून: व्याकरण आणि विचारपूस

‘अनोळखी लोकांना ऑनलाइन इंग्रजी व्याकरण समजावून सांगता आणि त्यांच्या मनाच्या अडचणीही ऐकून घेता, या दोन कामांचा एकमेकांशी संबंध काय, आणि डॉक्टर नसताना दुसरे काम करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?’ हा प्रश्न मला ओळखीचे लोक वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर एकदा नीट लिहिते.

सुरुवात व्याकरणापासूनच झाली. मराठी माध्यमातून शिकून अभियांत्रिकीच्या किंवा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेली मुले विषय कळत असूनही वर्गात तोंड उघडायला कचरतात आणि रात्री, खोलीतले बाकीचे झोपल्यावर, आपले एखादे वाक्य कोणी तपासून देईल का, असे विचारतात. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१९’ असे वाक्य आले की तिथे ‘हॅव बीन वर्किंग’ हवे, एवढे सांगून मी थांबत नाही. ‘मी २०१९पासून इथे काम करतो आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे आणि लिहिणाऱ्याने त्यातला वर्तमानकाळ तसाच इंग्रजीत नेला, इतकेच घडलेले असते, हे मी आवर्जून समजावते. ‘अ’ आणि ‘द’ आपल्या हातून गळतात, कारण मराठीत तशी उपपदेच नाहीत. चुकीचे कारण कळले की माणूस स्वतःला मठ्ठ समजणे सोडतो आणि पुढचे वाक्य धीटपणे लिहितो. मला त्या वाक्याची वाट पाहायला फार आवडते.

मग याच मुलांपैकी कोणी तरी रजेचा अर्ज तपासायला पाठवतो, आणि रजेचे कारण म्हणून त्यात लिहिलेले असते की कित्येक रात्री झोप नाही आणि वर्गात बसवत नाही. असा अर्ज वाचून फक्त क्रियापदाचा काळ दुरुस्त करणे मला जमत नाही. दोन कामांचा संबंध आहे तो इथे.

अशा वेळी मी व्याकरण पूर्ण बाजूला ठेवते. जगणे नकोसे झाल्याचे मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिणाऱ्याचे एक अक्षरही सुधारू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण आपले शब्द तपासले जात आहेत अशी शंका आली तर तो पुन्हा लिहिणार नाही. मी मराठीत उत्तर देते. ‘सगळे ठीक होईल’, ‘सकारात्मक राहा’ असे काही न लिहिता झोप कधीपासून उडाली, जेवण जाते का, घरात कोणाला ठाऊक आहे, असे साधे प्रश्न विचारते. काळजी वाटली तर जीव देण्याचा विचार मनात येतो का, हेही सरळ शब्दांत विचारते. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, अशी समजूत आहे. संशोधनात तिला आधार मिळालेला नाही.

अधिकाराचे म्हणाल, तर निदान करण्याचा, गोळ्या सुचवण्याचा किंवा चालू गोळ्या थांबवायला सांगण्याचा मला मुळीच अधिकार नाही, आणि मी ते करतही नाही. मी ऐकते, आणि ऐकता ऐकता त्या माणसाला प्रशिक्षित माणसापर्यंत पोहोचवायचा प्रयत्न करते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या, मनाच्या अडचणींसाठी फोनवर मदत देणाऱ्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तरीही फोन उचलायला मुले घाबरतात. सगळ्यांत मोठी भीती पोलिसांची असते. त्यांना मी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ११५ सांगते: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला भरू नये. दुसरी अडचण बहुतेक जण अगदी शेवटी, संकोचत विचारतात, की तिथे इंग्रजीत बोलावे लागेल का. लागत नाही, तिथे मराठीत बोलता येते.