टी६० उठला! घोडं पेंड खात होतं ते ड्रायव्हर-पॉलिसीत

मंडळी, काल रात्री टी६०वर, म्हणजे माझ्या जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर, लॉगिनचा पडदा आला. लाइव्ह पेनड्राइव्हवरून नव्हे, आतल्या एसएसडीवरून. आणि लॉगिन केल्यावर समोर माझ्या नव्या लॅपटॉपवरची रोजची डेबियन १२ (लिनक्स) जशीच्या तशी: इनस्क्रिप्ट कीबोर्ड, टेसरॅक्टचा (चित्रातला मजकूर ओळखणारा प्रोग्राम) मराठी डेटा, स्कॅन केलेल्या पानांची प्रुफं तपासायच्या सगळ्या स्क्रिप्ट. १४००×१०५० चा तो उभट पडदा आणि सात ओळींचा कीबोर्ड, याच दोन गोष्टींसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे. प्रूफ वाचायला याहून चांगलं यंत्र मी वापरलेलं नाही.

मागच्या नोंदीत कुठे होतो ते आठवून देतो. अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवणाऱ्या डीडीचा नाद सोडला होता, कारण नव्या लॅपटॉपची मोठी एनव्हीएमई डिस्क टी६०च्या लहान एसएसडीत मावत नाही. त्याऐवजी फाइलींची नक्कल करणाऱ्या आरसिंकने हार्डलिंक, एसीएल आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूटसकट सगळं नव्या एक्स्ट४ फाइल सिस्टमवर उतरवलं. पार्टिशन टेबल जीपीटीच्या जागी एमबीआर, बूटलोडर ग्रब-ईएफआयच्या जागी ग्रब-पीसी. कोणती पार्टिशन कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅबमधली ईएफआय पार्टिशनची ओळ काढली. ती राहिली तर सिस्टमडी (सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) दीड मिनिट वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतं. ग्रबचा मेनू येत होता, कर्नल चढत होता, आणि मग तेच: रूट पार्टिशनचा यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) अस्तित्वात नाही, घ्या बिझीबॉक्सचा, म्हणजे आणीबाणीच्या छोट्या शेलचा, प्रॉम्प्ट.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी यूयूआयडी पुन्हा ताडून बघायला सांगितलं. बघितला, अक्षर न् अक्षर जुळत होतं. कोणी रूटडिले, म्हणजे डिस्कची वाट बघायचा वेळ, वाढवायला सांगितलं. वाढवला, फक्त वाट बघणं वाढलं. मग बायोसमध्ये जाऊन साटाचा (डिस्क जोडणीचा) मोड एएचसीआयवरून कम्पॅटिबिलिटीवर नेला. तरीही तेच, आणि इथे मला पहिल्यांदा दिशा मिळाली. एएचसीआय मोडमध्ये 'एएचसीआय' हे मॉड्यूल (कर्नलचा ड्रायव्हर) लागतं, कम्पॅटिबिलिटीत 'एटीए-पिक्स'. दोन्हीकडे डिस्क दिसत नाही म्हणजे दोन्ही मॉड्यूल गायब आहेत. बिझीबॉक्समध्ये प्रॉकखालची पार्टिशन्स ही फाइल उघडली तर एकाही डिस्कची ओळ नाही. कर्नलला डिस्कच दिसत नसेल तर यूयूआयडीची चर्चा कशाला?

डेबियनच्या कर्नलमध्ये ही दोन्ही मॉड्यूल बाहेर ठेवलेली असतात, त्यामुळे ती इनिट्रामएफएसमध्ये, म्हणजे रूट सापडण्याआधी कर्नलसोबत चढणाऱ्या छोट्या इमेजमध्ये, असावीच लागतात. तिथे काय भरायचं ते 'मॉड्यूल्स' या सेटिंगवर ठरतं: 'मोस्ट' म्हणजे बहुतेक सगळ्या यंत्रांना पुरेल इतकं, 'डेप' म्हणजे समोरच्या यंत्रापुरतं. मूळ लॅपटॉपची बूट पार्टिशन लहान होती म्हणून तिथे एक्सपर्ट इन्स्टॉल करताना 'फक्त या यंत्राचे ड्रायव्हर' हाच पर्याय घेतला होता, आणि तिथे तो योग्यच आहे. आता इनिट्रामएफएस डॉट कॉन्फ उघडली तर आत स्पष्ट लिहिलेलं: मोस्ट. क्रूट करून (चालू सिस्टममधून एसएसडीवरच्या सिस्टममध्ये शिरून) इमेज पुन्हा बांधली. टी६०वर तेच. पुन्हा कॉन्फ बघितली. मोस्ट! याने अक्षरशः डोकं उठवलं.

शेवटी बांधलेली इमेज एलएसइनिट्रामएफएसने उलगडून एकेक नाव वाचत बसलो. एएचसीआय नाही, एटीए-पिक्स नाही. पण यूएसबी-स्टोरेज आहे, यूएएस आहे, यूएसबी ३चा एक्सएचसीआय आहे. जरा थांबून विचार करा: टी६०मध्ये यूएसबी ३ नाहीच, तिथे एक्सएचसीआयचं काम काय? मी एसएसडी नव्या लॅपटॉपला यूएसबी-साटा केबलने लावून क्रूट करत होतो. म्हणजे इमेज बांधणारा प्रोग्राम 'रूट कुठे आहे' ते बघत होता, त्याला ती यूएसबीवर दिसत होती, आणि तो इमानाने तेवढ्यापुरतेच ड्रायव्हर भरत होता. हे वागणं 'डेप'चं. कुठेतरी कोणीतरी 'डेप' म्हणत होतं.

ईटीसीमधल्या इनिट्रामएफएस-टूल्सच्या अख्ख्या फोल्डरात 'मॉड्यूल्स' शब्द ग्रेपने शोधला आणि ती सापडली: कॉन्फ डॉट डी या फोल्डरातली ड्रायव्हर-पॉलिसी. दोन-चार ओळींची फाइल, त्यात 'डेप'. इन्स्टॉलर तुमची निवड मुख्य कॉन्फमध्ये लिहितच नाही, या छोट्या फाइलमध्ये लिहितो, आणि कॉन्फ डॉट डी नंतर वाचलं जात असल्यामुळे शेवटचा शब्द तिचा. मुख्य फाइल वर 'मोस्ट' म्हणत राहते. मला ही मांडणी पटत नाही. मुख्य फाइलच्या डोक्यावर 'कॉन्फ डॉट डी वरचढ ठरू शकतं' अशी टीप आहे, पण ती निदान ठळक हवी.

तिथे 'मोस्ट' केलं, सगळ्या कर्नलांसाठी इमेज पुन्हा बांधल्या (नुसतं अपडेट म्हटलं तर सर्वांत नव्या कर्नलचीच होते, हे विसरू नका), आणि यादीत एएचसीआय व एटीए-पिक्स शेजारी शेजारी बघून फार बरं वाटलं. एसएसडी टी६०मध्ये सरकवली, बटण दाबलं, अर्धा मिनिट काहीच नाही, आणि मग धाडकन सगळं वर आलं. तो अर्धा मिनिट कशाचा तेही लगेच कळलं. त्याच कॉन्फ डॉट डीमध्ये 'रिझ्यूम' नावाची फाइल असते, तिच्यात जुन्या स्वॅप पार्टिशनचा यूयूआयडी होता. नव्या स्वॅपचा घातला, इमेज पुन्हा बांधली, थांबणं संपलं.

यूएसबी-साटा केबलबद्दल एक सांगायलाच हवं. काही एन्क्लोजर डिस्कचे सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. अशा डब्यात घालून पार्टिशन पाडली की डिस्क थेट साटावर लावल्यावर टेबलच चुकीचं वाचलं जातं. म्हणून नवी केबल आणली की पार्टिशन पाडण्याआधी सेक्टरचा आकार बघा. माझी पुण्याच्या तपकीर गल्लीतली साधी केबल ५१२च दाखवते, मी तिला सोडणार नाही.

बाकीचं पटापट झालं. वाय-फायचं ३९४५ कार्ड आयडब्ल्यूएलवायफायच्या फर्मवेअरवर लगेच चाललं. रेडिऑन एक्स१४००ला आर५२० चा मायक्रोकोड हवा असतो, तो एएमडी ग्राफिक्सच्या फर्मवेअर पॅकेजात आहे. मूळ यंत्र इंटेलचं असल्याने ते पॅकेज उतरवलेल्या सिस्टममध्ये नव्हतं. घड्याळाची बॅटरी मेलेली, त्यामुळे तारीख कितीतरी मागे, आणि पॅकेजं आणणारं एपीटी म्हणतं रिलीज फाइल अजून वैधच झालेली नाही. पत्री जोडलेला सीआर२०३२ आणून जुना कनेक्टर त्या पत्रीला सोल्डर केला. सेलवर थेट सोल्डर लावू नका, तापून फुटू शकतो.

डेबियनच का, असं मागे विचारलं गेलं होतं. टी६०च्या कोअर २ प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ हा सूचनासंच नाही. रेड हॅट ९ तो संच मागणाऱ्या एक्स८६-६४-व्ही२ या पायरीसाठी बांधलेलं आहे, ते या प्रोसेसरवर चढणारच नाही. डेबियन अजून मूळ पायरीवर आहे.

पुढचा बेत टी४२ या त्याहून जुन्या थिंकपॅडचा होता. तो रद्द करतोय. पेन्टियम एम ३२-बिट, म्हणजे ही ६४-बिट सिस्टम तिथे चालणार नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणंच थांबवलं आहे. नवी सुरुवात करून काय उपयोग?

उलट हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. 'मोस्ट' झाल्यावर ही सिस्टम आता यंत्राला बांधलेली राहिली नाही, बांधलेला आहे तो फक्त बूटलोडर. मग परत जीपीटीच घेऊ: १ एमबीची बायोस-बूट पार्टिशन, शेजारी ईएफआयची, आणि दोन्हीकडे ग्रब. ग्रब-पीसी आणि ग्रब-ईएफआय ही मुख्य पॅकेजं एकत्र नांदत नाहीत, पण त्यांची 'बिन' पॅकेजं नांदतात. ईएफआयवाला ग्रब रिमूव्हेबल पद्धतीने बसवला की फर्मवेअरमध्ये नोंद लागत नाही. त्यातच ३२-बिट ईएफआयचा ग्रबही टाकला तर २००६ चं कोअर २ ड्युओ मॅकबुकसुद्धा यादीत येतं, कारण प्रोसेसर ६४-बिट असून त्याचं फर्मवेअर ३२-बिट आहे.

शंका एकच. काही जुने बायोस जीपीटी डिस्कला हातच लावत नाहीत, जोवर प्रोटेक्टिव्ह एमबीआरमधल्या नोंदीवर अ‍ॅक्टिव्ह खूण नसते. पार्टेडमध्ये पीएमबीआर-बूट चालू केलं की ती खूण बसते. टी६० किंवा एक्स६०वर कोणी जीपीटीवरून बूट केलं असेल तर ती खूण लागली का, आणि बायोसची आवृत्ती कोणती होती, एवढं कळवा. त्यावरून एसएसडी पुन्हा पुसायची की आधी जुन्या हार्ड डिस्कवर करून बघायचं ते ठरवतो.