सॉफ्ट स्टार्टर असताना वेगळा ओव्हरलोड रिले: कधी, कुठे आणि कोणत्या क्लासचा

सॉफ्ट स्टार्टर मोटरचा करंट रोखून तिला हळूहळू वेग देतो, आणि ओव्हरलोड रिले जास्त करंट फार वेळ वाहिला की मोटर बंद करतो (ट्रिप होतो). सॉफ्ट स्टार्टर एकाच मोटरवर असेल, त्याचा बायपास (वेग आल्यावर करंट स्टार्टरला वळसा घालून नेणारी वाट) आतच असेल आणि त्याला स्वतःचं इलेक्ट्रॉनिक ओव्हरलोड प्रोटेक्शन असेल, तर बाहेर वेगळा रिले लावू नका. दोन ओव्हरलोड एकामागे एक बसवले की आधी कोण ट्रिप झालं, हे शोधण्यातच वेळ जातो. वेगळा रिले लागतो तो स्टार्टरमध्ये ओव्हरलोड नसेल तर, एका स्टार्टरवर दोन-तीन मोटरी असतील तर (प्रत्येकीला आपापला), आणि बायपास काँटॅक्टर (कॉइलवर चालणारा पॉवर स्विच) बाहेर असेल तर.

बाहेरच्या बायपासमध्ये सर्वांत जास्त फसगत होते. मोटरने वेग घेतला की करंट बायपासमधून वाहतो आणि स्टार्टरच्या आतल्या सीटींना (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरना) तो दिसतच नाही. डिस्प्लेवर ओव्हरलोड ‘ऑन’ दिसतं, पण चालू मोटरला कसलंच संरक्षण नसतं. म्हणून रिले स्टार्टर आणि बायपास यांचा फाटा फुटण्याआधी तरी हवा, नाहीतर दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आल्यावर मोटरच्या बाजूला. मेन काँटॅक्टरच्या खाली बसवणं सोयीचं पडतं.

सेटिंग नेमप्लेटवरच्या फुल लोड करंटवर. ३७ किलोवॅटच्या, म्हणजे ५० एचपीच्या मोटरवर समजा ६६ ॲम्पियर लिहिलंय, तर ६६. स्टार्टर डेल्टाच्या आत, म्हणजे मोटरच्या वाइंडिंगच्या सिरीजमध्ये जोडलेला असेल आणि रिलेही त्याच वायरींत असेल, तर ०.५८ ने गुणून ३८. तिथे ६६ ठेवलं तर मोटर जळेपर्यंत रिले गप्प बसेल.

आता ट्रिप क्लास, म्हणजे जास्त करंटला रिले किती वेळात ट्रिप होतो त्याची श्रेणी. क्लास १० चा रिले थंड स्थितीत, सेटिंगच्या ७.२ पट करंटला ४ ते १० सेकंदांत ट्रिप होतो. क्लास २० चा ६ ते २० आणि क्लास ३० चा ९ ते ३० सेकंदांत. सॉफ्ट स्टार्टरने करंट ३.५ पटीवर रोखला, तर करंटच्या वर्गाच्या ढोबळ हिशोबाने क्लास १० ला साधारण १७ ते ४२ सेकंद मिळतात. पंपाच्या १० सेकंदांच्या स्टार्टला हे पुरतं. पण रिले आधीच तापलेला असेल तर ही वेळ बरीच घटते, त्यामुळे सकाळी सुरळीत सुरू होणारी मोटर दुपारी लाईट गेली-आली की ट्रिप होते. जड ब्लोअरला ४ पट करंटवर २५-३० सेकंद लागत असतील तर क्लास ३० बघावा. त्याआधी मोटर उत्पादकाने दिलेली लॉक रोटर वेळ (रोटर फिरत नसताना मोटर किती वेळ तग धरते ती) तपासा. रिले तेवढा वेळ ट्रिप न होता थांबेल, पण तोवर वाइंडिंग तग धरेल का, हे तिथेच कळतं.

स्टार्ट होताना ट्रिप होतंय म्हणून डायल ६६ वरून ८० वर नेणं हा सर्रास चालणारा उपाय, आणि चुकीचा. चालू असतानाचं संरक्षण त्याने जातं. मूळ कारण बहुधा कमी व्होल्टेज असतं: टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, मोटर वेग घेत नाही आणि स्टार्ट लांबतो. करंट लिमिट थोडी वाढवून स्टार्ट लवकर संपवणं अनेकदा रिलेलाही सोपं जातं. टायमर लावून स्टार्टच्या वेळी रिलेच बाजूला काढायची युक्तीही दिसते. पंप जाम असेल तर नेमका तेव्हाच तो हवा असतो.

सबमर्सिबल पंपाच्या (पाण्यात बुडालेल्या) मोटरचा मामला वेगळा. तिचं थ्रस्ट बेअरिंग (उभा भार पेलणारं) पाण्यावर तरंगतं आणि वेग आल्याशिवाय तरंगत नाही, शिवाय वाइंडिंग लवकर तापतं. रॅम्प (वेग वाढवण्याचा वेळ) २-३ सेकंदांचा आणि क्लास १०, त्यापुढे जाऊ नये.

वायरिंगमध्ये रिलेचा ९५-९६ हा काँटॅक्ट (ट्रिप झाला की उघडतो) मेन काँटॅक्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्ये घाला. फक्त स्टार्टरच्या रन कमांडमध्ये घातला तर अर्धंच काम होतं. थायरिस्टर (स्टार्टरमधला करंट रोखणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडला की बहुधा शॉर्टच होतो, आणि दोनच फेज नियंत्रित करणाऱ्या स्टार्टरमध्ये तिसरा फेज मोटरला कायम जोडलेलाच असतो, म्हणजे रन कमांड काढूनही सप्लाय पूर्ण तुटत नाही. सॉफ्ट स्टॉप (मोटर हळूहळू थांबवणं) ठेवला असेल तरी ओव्हरलोडच्या ट्रिपला तो मिळता कामा नये. अलार्मसाठी ९७-९८ (ट्रिपला जुळणारा काँटॅक्ट) आहेच. रिसेट मॅन्युअलवर ठेवा. विहिरीवर ऑटो स्विच असेल आणि रिलेही ऑटो रिसेटवर असेल, तर रिले थंड होताच तीच तापलेली मोटर आपोआप पुन्हा सुरू होते.

जुना स्टार्टर काढून सॉफ्ट स्टार्टर बसवताना मोटरच्या टर्मिनलवरचा कपॅसिटर हमखास तसाच राहतो. तो स्टार्टरच्या आउटपुटवर येतो आणि थायरिस्टर मारतो. रिले त्याच्या आधी असल्याने त्याला मोटरच्या खऱ्या करंटपेक्षा कमीच दिसतो. कपॅसिटर सप्लायच्या बाजूला न्या, स्वतंत्र काँटॅक्टरवर, आणि रॅम्प पूर्ण झाल्यावरच जोडू द्या.

शॉर्ट सर्किटपासून रिले थायरिस्टरला वाचवत नाही. त्यासाठी सेमीकंडक्टर फ्यूज वेगळे लागतात.

चालू करून देताना मोटर पूर्ण वेगात असताना रिलेचं टेस्ट बटण दाबा. मेन काँटॅक्टर त्याच क्षणी सुटला पाहिजे. तो न सुटता मोटर सॉफ्ट स्टॉपने हळूहळू थांबली, तर ट्रिपची वायर चुकीच्या जागी आहे.