बेंडर टोळीत जातो

रविवार, रात्र

आज ‘फ्युचुरामा’ या विनोदी विज्ञानकथेच्या कार्टून मालिकेचा रोबॉट माफियावाला भाग पुन्हा पाहिला. ‘बेंडर गेट्स मेड’. दुसऱ्या पर्वातला, ३० एप्रिल २००० रोजी अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर आलेला. लेखन एरिक हॉर्स्टेडचं, दिग्दर्शन पीटर अवान्झिनोचं. सोबत भाचा होता. मध्येच त्यानं विचारलं, “मावशी, बेंडर तर यंत्र आहे ना? मग त्याला पैसे कशाला हवेत गं?” तेव्हा हसून “पुढे बघ” म्हटलं. पण तो झोपल्यावरही प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

खरंच, कशाला हवेत? बेंडर दारूवर चालतो, ती त्याचं इंधन. मिळाली नाही, तर उलट तेव्हाच तो झिंगल्यासारखा वागतो. राहायला कपाटाएवढी खोली पुरते. सिगार ओढतो तो नुसता रुबाबासाठी. तिसाव्या शतकाच्या शेवटी, न्यू न्यूयॉर्कमध्ये, लोखंडी तुळया वाकवायला बनवलेला हा रोबॉट. ना त्याला पोट, ना म्हातारपणाची काळजी. गुन्हेगारीची जी कारणं आपण एरवी सांगतो, गरिबी, भूक, घरची माणसं, ती सगळी इथे गळून पडतात. मागे उरतं ते खरं कारण, आणि मला वाटतं या भागाची ताकद तिथेच आहे.

सुरुवात स्वयंपाकाच्या कार्यक्रमापासून होते. चार हातांचा आचारी एल्झार हे बेंडरचं दैवत. त्याच्या कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला प्लॅनेट एक्स्प्रेसची, म्हणजे बेंडर काम करतो त्या माल पोचवणाऱ्या कंपनीची, मंडळी जातात आणि एल्झार चुकून त्यांच्यातल्या लीलाच्या डोळ्यात मसाला उडवतो. लीलाला डोळाच एक, त्यामुळे काही दिवस तिला काहीच दिसत नाही. भरपाई म्हणून तो सगळ्यांना आपल्या हॉटेलात जेवायला बोलावतो. जेवण फुकट असं धरून हे ताव मारतात, शेवटी बिल येतं. ते फेडायला बेंडर त्याच्या स्वयंपाकघरात राबू लागतो. तिथेच त्याला डॉनबॉट दिसतो, रोबॉट माफियाचा म्होरक्या, आणि सोबत त्याची माणसं (माणसं म्हणायची सवय जात नाही!) क्लॅम्प्स आणि जोई माउसपॅड.

आता बेंडरकडे नीट पाहावं. आजवर तो भुरटा चोर. खिसा मारायचा, मित्रांच्या वस्तू लंपास करायच्या, सगळं एकट्यानं. त्याच्या चोरीला कुणी शाबासकी देत नाही. मित्र फार तर चिडतात आणि सोडून देतात. इथे त्याला पहिल्यांदा अशी जागा दिसते जिथे त्याचा हाच गुण मोलाचा आहे. त्याला पैसे नकोतच, त्याला त्या टेबलाशी खुर्ची हवी आहे. भाच्याला सकाळी हेच सांगणार आहे.

न्यूयॉर्कच्या खऱ्या टोळ्यांनाही ही ओढ पक्की ठाऊक होती. टोळीप्रमुख लकी लुचियानोनं १९३१मध्ये मोठ्या माफिया घराण्यांची एक समिती बनवली, त्या व्यवस्थेचं मुख्य भांडवल बंदुकीइतकंच दीक्षाविधीचंही होतं. टोळीतल्याच जोसेफ व्हलाचीनं १९६३मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, तो विधी सांगितला होता. टेबलावर बंदूक आणि सुरा, तळहातावर जळणारा कागद, आणि शपथ की गुपित फोडलं तर मीही असाच जळेन. त्या शपथेनंतर टोळी पहिली, घरचे नंतर. मला या विधीतली सगळ्यात भयंकर गोष्ट जळणारा कागद वाटत नाही. हे ‘आधी आम्ही’ जे आहे ना, ते वाटतं. एकदा ते कबूल केलं की पुढचं सगळं आपोआप घडत जातं.

क्लॅम्प्सचं पात्र म्हणूनच मला फार आवडतं. त्याच्या हातांच्या जागी मोठे चिमटे आहेत. कोणताही प्रश्न समोर आला की त्याचं उत्तर एकच, चिमटे लावू का? कर्जदार असो, शत्रू असो, नुसता अडथळा असो, चिमटे. मौरिस लामार्शनं त्याला आवाज दिलाय तो इतका उतावळा आणि निरागस की मूल खेळणं मागतंय असं वाटावं. भाचा प्रत्येक वेळी खदाखदा हसला, मीही. पण टोळी माणसाचं नेमकं हेच करते. त्याला एका कामाचं हत्यार बनवते आणि मग त्या हत्याराला दुसरं काही सुचेनासं होतं. माणसाच्या बाबतीत हे व्हायला वर्षं लागतात; क्लॅम्प्स कारखान्यातून तसाच बाहेर पडलाय. इतक्या थोडक्यात, इतक्या हसत, हे सांगणं विनोदी विज्ञानकथेलाच जमतं.

मग दरोडा येतो. झूबन सिगारांचा माल पळवायचा, आणि तो घेऊन निघालेलं यान प्लॅनेट एक्स्प्रेसचंच निघतं. आत बेंडरचा जिवलग मित्र फ्राय आणि डोळ्यानं काही न दिसणारी लीला. बेंडरनं टोळीत ‘ब्लॉटो’ हे नाव घेतलेलं. फ्रायच्या डोक्यावर पिशवी, लीलाला अंधार, आणि मधे बेंडर आवाज बदलून दोन्हीकडे धावतोय. ओळखला गेलो तर मित्र गेले, मित्रांना सांभाळताना सापडलो तर टोळी गेली. लुटायचंही आहे आणि यांना काही होऊही द्यायचं नाही. ‘आधी आम्ही’ ही अट मोडते ती इथे. बेंडरसारखा स्वार्थी रोबॉटसुद्धा ती पाळू शकत नाही.

चित्रकारांचं कौतुक आज मुद्दाम लिहून ठेवते. बेंडरला भुवया नाहीत, गाल नाहीत, ओठ नाहीत. आहे काय, तर डोळ्यांवरची एक धातूची पट्टी आणि दातांची जाळी. एवढ्या सामानात त्यांना घाबरणं, लाज, थाप मारण्यातली घाई, सगळं दाखवायचं आहे. ती पट्टी किंचित तिरपी झाली की आपल्याला कळतं, गडी अडकला. जॉन डिमॅजिओचा आवाज मोठा आधार आहेच, पण आज एक प्रसंग मुद्दाम आवाज बंद करून पाहिला, तरी सगळं कळलं.

शेवटाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बेंडर टोळी सोडतो आणि त्याला कसलीही किंमत मोजावी लागत नाही. खऱ्या न्यूयॉर्कमध्ये असं होत नव्हतं. व्हलाचीनं तोंड उघडलं आणि उरलेलं आयुष्य तुरुंगात, जिवाच्या भीतीत काढलं. पुढे १९७०च्या कायद्यानं साक्षीदारांना नवं नाव, नवं गाव देऊन लपवायची सरकारी सोय झाली, ती याच भीतीपोटी. लेखकांनाही हा धागा सुटल्याचं जाणवलं असावं, कारण २०११च्या ‘द सायलेन्स ऑफ द क्लॅम्प्स’मध्ये तो पुन्हा हातात घेतलाय. तिथे बेंडर डॉनबॉटविरुद्ध साक्षीदार होतो आणि त्याला लपवून ठेवावं लागतं. तो भाग जास्त हुशार आहे, कोर्टाचे प्रसंग छान आहेत. तरी मला जुनाच जवळचा वाटतो, कारण नव्यात बेंडर टोळीपासून पळतोय आणि जुन्यात तो तिच्याकडे धावतोय. पळणाऱ्याची भीती कुणालाही समजते. धावत जाणाऱ्याची हौस दाखवणं अवघड आहे, आणि ती त्यांनी अर्ध्या तासात, जाहिरातींसकट, दाखवली.

भाचा नऊला उठेल. नाश्त्याआधी त्याला २०११चा भाग दाखवायचा, आणि मग त्यालाच विचारायचं की टोळी सोडलेल्या बेंडरला आता कशाची भीती वाटते.